तारेपर्यंतचा हात

विठाचा उजवा हात तारेकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. पुढे जाईना. ओली जीन्स पायांवर पडली, चपला भिजल्या. विठाने आधी जीन्सला शिवी दिली, मग तारेला, मग हाताला. तिघांत हातच निर्लज्ज. तो होता तिथेच अडून राहिला.

दोन महिने खांदा ठणकत होताच. तिने लक्ष दिले नव्हते.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या त्या जीन्सच्या कारखान्याची गच्ची विठाची होती. कागदोपत्री धर्मेशशेठची. पण वर कुणाचे चालते, हे सगळ्यांना ठाऊक होते. बाहेरून धुऊन आलेला माल टेम्पोतून उतरायचा, जिन्याने वर चढायचा आणि विठा तो वाळत घालायची. गडद निळ्या पँटी सावलीच्या बाजूला, फिक्या उन्हात. कुठली तार आधी भरायची, हे तीच ठरवायची. शेठसुद्धा वर आला की कडेकडेने चालायचा.

खाली ट्यूबलाइटच्या खोलीत बायका दिवसभर माना खाली घालून शिलाईचे लोंबते धागे कापायच्या. 'जरा पाठ दुखते, थोडे दिवस बसते,' म्हणत खाली उतरलेल्या बाया विठाने पाहिल्या होत्या. एकही परत वर आली नव्हती.

त्यामुळे शेठ मायेने बोलला तेव्हा ती सावध झाली.

"विठाबाई, टेन्शन नको. नीचे बैठो आराम से. धागा कटिंग करा. पंखा आहे, चाय आहे."

"आणि वर?"

"संतोष बघेल ना."

"संतोष? त्याला ओली पँट कुठल्या टोकाला धरतात हे तरी माहितीये का?"

"सीख जायेगा," शेठ म्हणाला.

विठाला त्याचीच भीती होती. माल वर चढवणारा तो पोरगा हुशार होता. शिकला असता.

धुऊन आलेली जीन्स पिळवटून, गोळा होऊन येते. दोन्ही टोके धरून फाडकन झटकली की सरळ होते. आखडलेली वस्तू सरळ करायचा हा एकच उपाय विठाला ठाऊक होता. तिने शेजारीण सोनियाला गाठले. सोनिया खाली धागे कापायची. वयाने लहान, जिभेने मोठी.

"धर मनगट. दे झटका."

"येडी झाली का मावशी?"

"दे म्हणते ना. पँट समज."

"पँट बोंबलत नाही."

"मीपण नाही बोंबलणार."

सोनियाने झटका दिला. विठा अशी ओरडली, की पलीकडच्या गच्चीवरची कबुतरे उडाली.

दुसऱ्या दिवसापासून हात पोटाशी चिकटला. वेणी घालता येईना. ब्लाउज सोनिया घालून द्यायची, आणि घालताना दर वेळी रडायची. शेवटी विठाच वैतागली. "तू रड नको. मला कुठं न्यायचंय तिथं ने."

सोनियाने तिला अंबरनाथला एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेले. तिथे शलाका नावाची तरुण डॉक्टरीण व्यायाम शिकवायची. तिने हात हळूच उचलून पाहिला, साखर आहे का विचारले. होती. झटक्याची गोष्ट ऐकून तिने कपाळावर हात मारला नाही. एवढ्यावरच विठाने तिला पास केले.

"सांध्याभोवती एक पिशवी असते, मावशी. तुमची जाड झालीये, आकसलीये. झटका दिला की ती चिडते. सुजते आणि अजून आवळते."

"मग सरळ कशी करायची?"

"ताण लागेल तिथवर न्यायचं आणि थांबायचं. श्वास सोडायचा. कळ वाढली की मागे यायचं. रोज."

"नुसतं थांबायचं?"

"हो. आणि पुढच्या आठवड्यात हात थोडा वर गेला, तर पिशवी सैल झाली म्हणून नाचू नका. आधी शरीराला तेवढा ताण सोसायची सवय होते. आतलं बदलायला महिने जातात. काही थोडं राहूनही जातं."

विठाला हे पटले नाही. पण मुलगी खोटे बोलत नव्हती, हे पटले.

कारखान्यात परतली ती थेट गच्चीवर गेली. तिने धागे कापायच्या पँटींचा ढीग वर मागवला आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसकण मारली.

शेठ वर आला. "ये क्या है?"

"धागा कटिंग."

"नीचे करो ना."

"कापायचं कबूल केलंय शेठ. उतरायचं नाही."

शेठ काहीतरी पुटपुटला आणि कडेकडेने निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीत विठा भिंतीसमोर उभी राहायची. बोटे भिंतीवरून खेकड्यासारखी वर चढवायची. अडली की थांबायची. कपडा आखायच्या खडूने तिथे रेघ मारायची. बायका जिन्यातून डोकावून हसायच्या.

"मावशी भिंतीला गुदगुल्या करते गं!"

"हसेल एक दिवस," विठा म्हणायची. वळून बघायची नाही.

भिंत काही हसली नाही. पहिल्या रेघा भराभर चढल्या, मग एकाच जागी दाटल्या. गणपती आले आणि गेले. संतोष कामात तयार होत होता, ते तिला टाकीजवळून दिसत होते.

"रेघ तिथंच आहे, मावशी," तो एकदा चिडवायला म्हणाला.

"रेघेकडे तू बघू नको. ती फिकी पँट सावलीत टाकलीस, तिच्याकडे बघ."

तिला एकदा वाटले, जोर लावावा. कुणी बघत नव्हते. हात रेघेशी होता, कळ दंडात उतरली होती. तिने दात आवळले. आणि मागे आली. जोर लावणे तिला आयुष्यभर जमले होते. हे अवघड होते.

दिवाळीच्या मालाचे टेम्पो सुरू झाले तेव्हा शेठ गच्चीवर आला.

"विठाबाई, आता संतोषला पक्का करतो. सीझन आहे. बुरा मत मानना."

विठा उठली. टबातून एक पँट उचलली. डाव्या हाताने कंबरपट्टी धरली, उजवा मागोमाग नेला. खांद्याशी अडला. ती थांबली. शेठही थांबला. हात आणखी वर गेला, आणखी थोडा. बोटे तारेला लागली. पँट तारेवर पडली.

शेठ बघत राहिला. "डॉक्टर ने पास कर दिया? पूरा जाता है ऊपर?"

"पूर्ण नाही जात. जाणारही नाही कदाचित."

"तो फिर?"

"तारेपर्यंत जातो. तारेच्या वर काय शेठ, ढगांवर पँटी टाकायच्यात का मला?"

जिन्यात सोनिया फिसकन हसली. शेठ हसला नाही. "पण स्लो होणार. एवढा माल आहे."

"होणार. म्हणून संतोषला ठेवा. माझ्या हाताखाली. खाली जायचं असेल तर तुम्ही जा, मी नाही जायची."

शेठने तारेकडे पाहिले, टेम्पोकडे पाहिले. मग तो जिन्याकडे वळला.

"शेठ, मी कुणाचं ऐकू?" संतोषने मागून विचारले.

"उसीसे पूछ," पायऱ्यांवरून आवाज आला.

संतोष विठाकडे वळला. तिने दुसरी पँट उचलली होती आणि हात पुन्हा अर्ध्यावर अडला होता.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "चिमटे दे."