भुलीत काय बोललो

"एम्पायमा आहे," डॉक्टर म्हणाले आणि माझ्या छातीचा एक्स-रे, म्हणजे आतला फोटो, खिडकीच्या उजेडात धरला. उजवी बाजू पांढरीफटक. फुप्फुस आणि बरगड्यांच्या मध्ये पू साठतो, त्याला एम्पायमा म्हणतात. बरगडीचा तुकडा काढून आत रबरी नळी घालावी लागणार होती.

मी साताऱ्यात शाळामास्तर. न्यूमोनियातून उठलो असं वाटत असतानाच ताप परत चढला. खोल श्वास घेतला की कूस चमके. तिथल्या डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली तर पू आला, म्हणून सांगलीच्या इस्पितळात धाडलं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, औषधांची टंचाई. लोणंदजवळच्या आमच्या गावाहून आबा, माझे वडील, सोबतीला आले.

त्यांचं येणं मला जड गेलं. धाकट्या बहिणीला देवी आल्या तेव्हा घरात डॉक्टर येऊ दिला नव्हता, पूजाच चालली होती. ती गेली आणि मी देव सोडला. गळ्यातली माळ काढून आबांच्या हातात दिली. ते रागावले नाहीत, पण तेव्हापासून आमचं बोलणं पीकपाण्यापुरतं उरलं.

देव सोडलेल्या माणसाला आजारपणात स्वतःवरच पहारा द्यावा लागतो. कण्हताना 'अरे देवा' निघू नये म्हणून मी दात आवळून धरी. भेटायला आलेला माणूस खिशात हात घाली तेव्हा आता अंगाराच निघणार, अशी धास्ती वाटे. हा कधी वळणावर येतो याचीच सगळे वाट बघताहेत असं वाटून डोळा लागत नसे.

शेजारच्या खाटेवर जतकडचा एक मेंढपाळ होता, पोटाचं ऑपरेशन झालेला. तो सहज म्हणाला, "मास्तर, क्लोरोफॉर्म हुंगवला की समदी देवालाच हाका मारत्यात. मी पन मारल्या."

क्लोरोफॉर्म म्हणजे भुलीचं औषध. भुलीत मी काय बोलेन ते माझ्या हाती नव्हतं. आबा ऐकतील, आणि माझं इतक्या वर्षांचं वागणं खोटं ठरेल. मरणाचा विचार मागे पडला, हाच मनात घोळत राहिला.

शुद्ध आली तेव्हा कूस जळत होती. नळीतून पू बाटलीत उतरत होता. आबा उशाशी बसलेले. विचारायचा धीर होईना. ताप उतरला तरी मी तळमळतच होतो. दुखतंय का, असं नर्स विचारी, तर तितकं दुखत नसे. शेवटी आबांना विचारलंच.

ते म्हणाले, "आईला हाक मारलीस. देवाचं नाव न्हाई घेतलंस."

"खरंच, आबा?"

"खोटं कशाला बोलू? घेशील म्हनून कान लावून बसलो हुतो. घ्यावंस असं लय वाटत हुतं."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी उलटं सांगितलं असतं तरी मी मुकाट्यानं मानलं असतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

मिटलेलं फुप्फुस फुगावं म्हणून नंतर एक व्यायाम देतात. दोन बाटल्या नळीनं जोडलेल्या असतात, एकीतलं पाणी फुंकून दुसरीत ढकलायचं. जीव मेटाकुटीला येतो, पण ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी तो सोडू नये.

देव मी आजही मानत नाही. मला त्रास नको म्हणून आबा संध्याकाळी बाहेर लिंबाखाली जाऊन अभंग म्हणत. एकदा ते उठू लागले तेव्हा मी म्हटलं, "आबा, हितंच बसा की."

ते बसले. हलक्या आवाजात म्हणू लागले. मी बाटलीत फुंकत राहिलो.