माझ्या घरावरचा पत्रा

मांडव्याच्या धक्क्यावर मी उभा होतो तेव्हा माझ्या नखांत कौलांची लाल माती होती. पावसाळ्यात मुंबईच्या लाँच बंद व्हायच्या, त्याआधीच्या शेवटच्या दिवसांतली ही एक. दोन दिवस आधीच निघणार होतो, पण बाबांनी थांबवलं होतं, कारण घर शाकारायचं राहिलं होतं. दरवर्षी पावसाआधी नळीची कौलं एकेक करून उतरवायची, पालापाचोळा झाडायचा, फुटकी बदलायची आणि पुन्हा बसवायची. घरात सगळ्यात हलका मी, म्हणून वर मीच चढायचो. लाँच सुटताना बाबा म्हणाले, "घर शाकारून झालाय. आता जा बिनघोर."

गेलो तो थेट चंदीगडला, आर्किटेक्चर शिकायला. किहीमच्या नारळी-पोफळीतून उठून सेक्टर नंबरांच्या गावात. राजमा-रोटी खाता खाता भाताची आठवण यायची, पण त्या इमारतींनी मला पार खुळं केलं. उघडं काँक्रीट, सरळ रेषा, सपाट छत, कुठे नक्षीचं नाव नाही. देश नवा झाला तेव्हा घरंही नवी झाली, आपलंच गाव मागे का, असं वाटायचं. सुट्टीत घरी आलो की आमच्या उतरत्या कौलांची मला लाज वाटे. हो, लाजच.

तिथेच नोकरी लागल्यावर पहिलं काम काय केलं, तर गावचं आमचं कौलारू घर पाडून पांढरा स्लॅबचा ठोकळा बांधला. छज्जेसुद्धा ठेवले नाहीत, रेषा बिघडते म्हणून. गाव बघायला लोटलं. दोन-तीन वर्षांत आळीत तसेच सात-आठ ठोकळे उभे राहिले. मी फुशारून गेलो होतो.

आमच्याकडे पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! त्याच पावसात वाढलो मी. पण ड्रॉइंग काढताना तो एकदाही आठवला नाही. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेची भिंत काळी पडली, स्लॅब गळायला लागला. पुढच्या वर्षी बाबांनी त्या भिंतीवर झावळ्यांचे झाप बांधले आणि मग वर निळ्या पत्र्याची शेड घातली. मी फोनवर भांडलो. "बाबा, काढा ते, सगळं डिझाइन घालवलंत!" बाबा शांतपणे म्हणाले, "तुला फोटू काढायचा तवा सांग, तेवढ्यापुरता काढतो."

आता माझी चीड दुसऱ्याच गोष्टीची आहे. मी स्वतः शहाणा झालो, तो फार उशिरा. मुंबईचे बडे लोक किहीमला वीकेंडची घरं बांधतात, त्यांना मी कौलं, पडवी, जांभ्याच्या भिंती ड्रॉइंगमध्ये काढून देतो आणि ते खूश होतात. माझ्याच आळीत मात्र स्लॅबवर पत्रा, स्लॅबवर पत्रा. खोड मी लावली, आता मोडता येत नाही.

गेल्या महिन्यात धाकटी बहीण सुमन घर बांधायचं म्हणाली. मी रात्रंदिवस खपून तिच्यासाठी कौलारू घर काढलं, रुंद पडवीचं, आणि ड्रॉइंग घेऊन आलो. वाटलं, निदान एक चूक तरी निस्तरता येईल. तिने कागद जमिनीवर पसरला, नीट बघितला.

"दादूस, घर ब्येस हाय. पन वर चढनार कोन?"

मी म्हटलं, ही मंगलोरी कौलं आहेत, दरवर्षी शाकारावी लागत नाहीत.

"माकडं फोडतात ती. ह्यांची ड्युटी दिघीला, बंदरावर, आठ आठ दिवस घरी न्हाय. बाबांचे गुडघे गेले. तू येशील काय चंदीगडवरना? त्या बंगलेवाल्यांचं काय, त्यांनी मानसं ठेवलीत." मग कागदाची घडी घालत म्हणाली, "मना तुझ्यासारखाच घर पायजे. पत्र्यासकट."

मी चिडलो. अडाणी म्हणालो तिला. तिने चहा आणून ठेवला. कप रिकामा होईपर्यंत मला कळून चुकलं होतं की ती बरोबर आहे. आळीतली हलकी, चढणारी पोरं गेली कुठे? वाशीला, पुण्याला, दुबईला. माझ्यासारखीच. पुस्तकातली सपाट छतं इथे मी आणली असेन, पण ती टिकली ती आम्ही परत आलो नाही म्हणून.

शेवटी तिला स्लॅबच काढून दिला, मोठ्या छज्ज्यांचा, आणि पत्र्याची शेड पहिल्यापासून ड्रॉइंगमध्येच घेतली.

परतताना बाबा काठी टेकत धक्क्यापर्यंत आले. पाऊस तोंडावर होता. दोन दिवस राहू का, घराचं काही करायचंय का, असं मी विचारलं. माझी नखं स्वच्छ होती.

"काय करायचाय? वर पत्रा हाय," बाबा म्हणाले. "आता तुझ्यावाचून काय अडत न्हाय. जा बिनघोर."