लंडनच्या परसात राब

मला लंडनला पाठवलं ते माझ्या सासूबाईंनी. यजमानांना धरणं आणि कालव्यांचं पुढचं शिक्षण घ्यायला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती. ते एकटेच गेले आणि पहिल्याच हिवाळ्यात तिथं आजारी पडले. ते कळलं त्या दिवशी सासूबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, "आता तू जा गं. तिकडं त्याला भाकर कोण घालल?"

"आत्याबाई, मला इंग्रजी कुठं येतं?"

"भाकरीला कशाला लागतं इंग्रजी? चुलीशी बोलायचंय काय तुला?"

जाऊबाई आतून म्हणाल्या, "तिथं चूल नाय, गॅस हाय म्हनं. गॅसशी इंग्रजीतच बोलावं लागल." दोघी हसल्या. मला मात्र रडू येत होतं.

आमचं गाव कळंबच्या पुढे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. मी गेलेली सर्वांत लांबची जागा म्हणजे खोपोली, ती पण बहिणीच्या बाळंतपणाला. कर्जतच्या बाजारात बांगड्या भरतानासुद्धा कासाराच्या हातात हात द्यायच्या आधी मी नणंदेच्या तोंडाकडे बघायची, इतकी मी बुजरी. त्या मला एकटीला विमानात बसवलं. वरून पहिल्यांदा ते शहर दिसलं तेव्हा मला वाटलं, ही कौलांची शेतं आहेत. नजर पोचेल तिथपर्यंत छपरं, आणि प्रत्येक छपरावर धुराडी. पण एकाही धुराड्यातून धूर निघत नव्हता. एवढी माणसं जेवतात आणि धूर नाही, याचं नवल वाटलं, पण मी कुणाला विचारलं नाही. मी तेव्हा कुणालाच काही विचारत नसे.

आमची खोली एका तीन मजली घरात वरच्या मजल्यावर होती. ती मिळवायला यांना फार फिरावं लागलं होतं. दारावर खोली रिकामी असल्याची पाटी असायची, आणि दार उघडून यांना पाहिलं की ती खोली एकाएकी भरलेली असायची. शेवटी या म्हाताऱ्या बाईंनी हो म्हटलं. त्या विधवा होत्या, खाली एकट्या राहत. यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं, "हे बघ, कॉलेजच्या वसतिगृहात फक्त पुरुषांना ठेवतात. ही खोली गेली तर मला तिथं जावं लागेल आणि तुला घरी. परीक्षा तोंडावर आहे, दुसरी खोली शोधायला मला वेळ नाही. बाईंना त्रास होईल असं काही करायचं नाही."

मी मान हलवली. तेव्हा घरी परत जाणं मला काही वाईट वाटलं नसतं. पण महिन्याभरात मन पार बदललं.

कारण ते शहर. काय सांगू त्या शहराचं. जमिनीच्या पोटात उतरायला जिने होते आणि ते आपणच चालत होते, माणसाने नुसतं उभं राहायचं. पहिल्या दिवशी मी वरच्या पायरीशी थांबले तर मागे लोक जमले, पण कुणी ओरडलं नाही. एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून थांबले, जसं काही मीच तो जिना बांधून घेतला होता. सकाळी दाराबाहेर दुधाच्या बाटल्या ठेवलेल्या असायच्या, आणि त्या कुणी नेत नसे. शनिवारी परदेशी विद्यार्थी एका मोठ्या हॉलमध्ये जमत आणि आपापल्या देशाचं रांधून आणत. तिथं मी इतक्या तऱ्हेची माणसं पाहिली की घरी सांगितलं असतं तर जाऊबाईंनी मला खोटारडी म्हटलं असतं. आफ्रिकेतला एक उंच विद्यार्थी, अंगात पायघोळ निळा झगा, माझ्या हातची तांदळाच्या पिठाची तळलेली बोरं खाऊन छातीवर हात ठेवून वाकला. मी यांच्या मागे लपले. पण पुढच्या शनिवारी दुप्पट बोरं केली.

एकदा हे मला कॉलेजात घेऊन गेले. भाताच्या कोठाराएवढ्या एका दालनात त्यांनी नदी ठेवली होती. खरी नदी, वळणं असलेली, वाळूच्या काठाची, पण माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. यांनी एक चाक फिरवलं आणि त्या नदीला पूर आला. काठ कुठं खचतो ते हे वहीत टिपून घेत होते. आमची पेज नदी मी किती वेळा अशीच चढताना पाहिली होती, काठावर उभी राहून, लांबून. इथं माणसं पूर आणत होती आणि चाक उलटं फिरवून परत पाठवत होती. त्या संध्याकाळी मी यांना म्हटलं, "मला इथंच राहायचंय. तुमचं शिक्षण होईपर्यंत." हे हसले. म्हणाले, "बाईंना सांभाळ म्हणजे झालं."

मग थंडी सरली. घरामागे बाईंचं परस होतं, भोवती विटांची बुटकी भिंत. एके दिवशी बाईंनी मला खाली बोलावलं, कोपऱ्यातली मोकळी जमीन दाखवली, हातात खोरं दिलं आणि पेरल्यासारखी बोटं हलवली. मला कळलं. माझ्या ट्रंकेत मेथी, माठाचं बी आणि धणे होते. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडले. त्या दचकून मागे सरल्या.

चैत्र चालू होता. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पेरणीच्या आधी जमीन भाजतात. तिथं शेण, पाचोळा, फांद्या पसरायच्या, वर माती टाकायची आणि पेटवायचं. त्याला राब म्हणतात. राब भाजल्याशिवाय पेरायचं, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणून एका सकाळी हे कॉलेजात आणि बाई बाजारात गेल्यावर मी कामाला लागले. परसात गेल्या पानगळीचा पाचोळा होता, कुंपणाच्या छाटलेल्या फांद्या होत्या. शेण काही मिळालं नाही. नीट थर रचले, वर माती भुरभुरली, वारा कुठून येतो ते पाहिलं आणि त्याच्या उलट बाजूने काडी लावली. राब कसा पेटावा तसा पेटला, ज्वाळा नाही, नुसता पांढरा दाट धूर. गावची आठवण येऊन मी खोरं टेकून उभी राहिले. फार बरं वाटलं.

तो दिवस सोमवारचा. त्या गल्लीत सोमवारी सगळ्या बाया कपडे धुऊन परसात वाळत घालत, हे मला माहीत होतं, पण तेव्हा डोक्यातच आलं नाही. शेजारीणबाई भिंतीपलीकडून किंचाळल्या. त्यांच्या पांढऱ्या चादरी धुरात दिसेनाशा झाल्या होत्या. मी हात जोडले. त्या आत पळाल्या. आणि थोड्या वेळाने घंटा वाजवत एक लालभडक बंब गल्लीत शिरला.

माझ्या त्या सुपाएवढ्या राबासाठी! पितळी बटणांचे कोट घातलेली, टोप घातलेली माणसं भिंत ओलांडून आली, जाड नळी ओढत. एकाने मला काहीतरी विचारलं. मी पदर डोक्यावरून घेतला. त्यांनी पाणी सोडलं. राब भाजायच्या दिवसांत पाऊस येऊ नये म्हणून आम्ही आभाळाकडे बघत बसतो, आणि इथं माणसांनी पाऊस गाडीत घालून आणला होता. मला भीती वाटत होती तरी मी ते डोळे फाडून बघत होते.

धूर विरला तेव्हा मी दारात आले. समोरच्या फुटपाथवर बाई बसल्या होत्या. त्यांची पिशवी उलटली होती, संत्री रस्त्यावर गेली होती. बंब आणि आपल्या घरामागचा धूर बघून त्यांनी रस्ताच ओलांडला नव्हता. तोंड चुन्यासारखं. मी तशीच अनवाणी रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांचा हात हातात घेतला तर तो थंडगार होता. मला एक शब्द येत नव्हता. आम्ही तशाच बसून राहिलो, बंब गेला तरी.

संध्याकाळी हे आले, खाली बाईंशी बोलले आणि वर येऊन खाटेवर बसले. म्हणाले, "लढाईच्या वेळी या गल्लीवर बॉम्ब पडले होते. कोपऱ्यावरचं घर जळलं. त्यात त्यांची बहीण होती. आणि या शहरात धूर करायलाच बंदी आहे, हे मी तुला सांगायला हवं होतं." मग इकडे न बघता म्हणाले, "सामान आवर. उद्या वसतिगृहात विचारतो. त्या आपल्याला ठेवतील असं वाटत नाही."

"मी बोलते त्यांच्याशी."

"कुठल्या भाषेत?"

"तुम्ही आहात की. मी बोलीन ते सांगायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही."

लग्नाला एवढी वर्षं होऊन मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. 

शेजारणीच्या चादरी मी आधीच खुणा करून मागून आणल्या होत्या. त्या रात्री न्हाणीघरात आपटून धुतल्या, आणि सकाळी त्या घेऊन खाली गेलो. बाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी सांगत गेले, हे इंग्रजीत सांगत गेले. आमची जमीन, पाचोळा, वारा, राब. यांचे कान लाल झाले होते.

बाईंनी विचारलं, "आणि घरं पेटत नाहीत?"

"नाही बाई. आम्ही बाया ओल्या फांद्या घेऊन भोवती उभ्या असतो. विझेपर्यंत कुणी हलत नाही."

"आणि मग तिथंच पेरता? जळलेल्यावर?"

"तिथंच."

 बाई खिडकीकडे बघत हळू बोलल्या. यांनी ते मला सांगितलं. जळालेल्या घराच्या जागी पुढच्या उन्हाळ्यात जांभळी फुलं उगवली होती, पुरुषभर उंच, कुणी न लावता. सगळं लंडन त्या फुलांनी भरलं होतं. बाई रोज त्या वाटेने जायच्या आणि त्यांना त्या फुलांचा फार राग यायचा.

 मी एवढंच विचारलं, "बहीण मोठी होती की धाकटी?"

"धाकटी," त्या म्हणाल्या. आणि डोळे पुसायला रुमाल शोधू लागल्या.

मग उठल्या, चादरींवर हात फिरवून बघितला आणि यांच्याशी कडक आवाजात काहीतरी बोलल्या. हे एकदम हसले. "राहा म्हणतात. पण काडेपेटी त्यांच्याकडे राहील. तुला गॅस पेटवायचा असेल तेव्हा खाली येऊन मागायचं."

अशी मी राहिले. यांची परीक्षा होईपर्यंत आणि त्यानंतरचं वर्षभरही. सकाळ-संध्याकाळ मला तो जिना उतरून दार वाजवावं लागे आणि इंग्रजीत काड्या मागाव्या लागत. पहिले काही दिवस दाराशी उभी राहून मी घामाने भिजायची. बाई पेटी हातात देत नसत. स्वतः कठडा धरत वर येत, दम खात, आणि काडी ओढत. काडी ओढताना तोंड दुसरीकडे वळवत, हात लांब करत, आणि ज्योत दिसली की डोळे मिटत.

एकदा मी खुणेने म्हटलं, द्या मला, मी लावते. त्यांनी मान हलवली. नाही. तोंड वळवलं, हात लांब केला आणि काडी ओढली.

पूर परत पाठवणारं चाक मी त्या शहरात पाहिलं, आपण होऊन चालणारे जिने पाहिले. पण तिथलं कुठलं नवल मोठं असं कुणी मला विचारलं, तर मला तो सुरकुतलेला लांब केलेला हात दिसतो. हळूहळू त्या तोंड कमी वळवू लागल्या. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी काडी ओढली आणि गॅसची निळी ज्योत गोल पेटत गेली ती पूर्ण पाहिली. मग काडी विझवून माझी खुर्ची ओढून बसल्या, आणि मला हातानेच विचारलं, आज काय रांधणार?