कोठ्यावर आलेली शाली

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं आमचं घर. अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. त्यात मी विज्ञानाची शिक्षिका! रविवारी गावोगाव जाऊन लिंबातून रक्त कसं काढतात, नारळातून कुंकू कसं निघतं, ते करून दाखवणारी बाई. तुमच्या या सदरात छापून येणारे असले अनुभव मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायची आणि दोघं पोट धरून हसायचो. तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी माझी ना नाही. इतकी वर्षं लिहिलं नाही ते भीतीनं नव्हे... लाजेनं.

आमचं गाव मुकुटबनच्या अलीकडे. ते दिवस कापसाचे फार वाईट. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. खरेदी केंद्रापुढे कापसाच्या बंड्यांची अशी रांग लागायची, की माणसं तिथेच बैलगाडीखाली जेवायची आणि तिथेच झोपायची.

आई आमच्या लहानपणीच गेली. मोठा देवादादा, मी आणि धाकटा सुधाकर, तिघांना वाढवलं ते कौतिकाआत्यानं. वडिलांची सख्खी बहीण, नवऱ्यानं टाकलेली. लोकांच्या शेतात कापूस वेचून तिनं मला शिकवलं. मी पडायची फार. गुडघा फुटला की ती बोंडातला कापूस घ्यायची, बोटांनी एकेक सरकी काढून टाकायची आणि त्याची मऊ गादी करून जखमेवर बांधायची. मलाही शिकवलं होतं तिनं ते. "सरकी राह्यली त रुतते व शाली," म्हणायची.

ही आत्या नव्वदीच्या पुढे गेली. खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवरच. हातांची बोटं अशी मिटली, की पेलासुद्धा धरता येईना. मग डोकंही गेलं. कधी म्हणे बापू, म्हणजे तिचे वडील, शेतातून आले का, कधी म्हणे माझी बकरी कुठे आहे. तशीच जगत राहिली. लोक म्हणायचे, म्हातारी चिवट आहे. आम्हीही म्हणायचो, हे कबूल करते.

तिची बारी लावली होती. एक महिना देवादादाकडे, एक सुधाकरकडे, पुनव आली की बदल. ही बारी लावून देणारी मीच. यवतमाळहून मुद्दाम जाऊन, दोघा भावांना समोर बसवून. देवादादाची बायको, आमची वहिनी, तेव्हा हळूच म्हणाली, "शालूताई, तुमीबी एखांदा महिना न्या ना तिले." मी काय बोलले असेन? "अहो वहिनी, लेकीला कुठे बारी असते?" स्टेजवर उभी राहून रूढींवर आग पाखडणारी मी! स्वतःवर आलं तेव्हा रूढीच्याच पदराआड जाऊन बसले.

दिवाळीच्या सुट्टीत देवादादाकडे तिला भेटायला गेले. पडून पडून आत्याच्या खुब्यापाशी जखम झाली होती आणि तिला वास मारत होता. मी दारातच थबकले. नाकाला रुमाल लावला, तसाच धरून तिच्याशी दोन शब्द बोलले, वहिनीला पावडर लावायचा सल्ला दिला आणि चारच्या एसटीनं परत.

त्यानंतरच्या दुसऱ्या पुनवेची गोष्ट. दोघा भावांचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण होऊन बोलणं बंद झालेलं. वेचणी चालू असल्यामुळे देवादादा आणि वहिनी शेतातल्या कोठ्यावरच राहायला गेले होते. कोठा म्हणजे टिनाची एक खोली, शेजारी बैलांचा गोठा. सुधाकरनं बारी संपली म्हणून भर दुपारी आत्याला बंडीत घातलं आणि तिथे नेलं. कोठ्यात कुणी नव्हतं. त्यानं तिला खाटेवर ठेवलं, तिचं गाठोडं उशाशी ठेवलं, आणि भावाचं तोंड पाहायला लागू नये म्हणून बाहेरूनच उभ्या कापसाच्या पऱ्हाटीकडे तोंड करून ओरडला, "वहिनी व, आत्याले ठेवून राह्यलो!"

उंच पऱ्हाटीतून बाईचा आवाज आला, "ठेव ना. मी हावो."

तो बंडी घेऊन निघून गेला.

आणि वहिनी तिथे नव्हतीच! आदल्याच दिवशी पुसदला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. देवादादा खरेदी केंद्रावर रांगेत अडकलेला. त्याला वाटलं म्हातारी अजून सुधाकरकडे. सुधाकरला वाटलं ती वहिनीपाशी. बोलणं असतं तर एका शब्दात उलगडा झाला असता. तीन-चार दिवस म्हातारी त्या शेतात... जिला पाण्याचा घोट घ्यायलाही दुसऱ्याचा हात लागायचा, ती.

देवादादा परतला आणि त्यानं मला शाळेजवळच्या एसटीडीवर फोन केला. त्याचा आवाज ऐकून मला वाटलं, संपलं सगळं. तो एवढंच म्हणाला, "शाली, तू ये. तू आलती अन् सांगितलं काहून नाही?" मला काही कळेना. मिळेल त्या गाडीनं निघाले.

कोठ्यावर पोचले तेव्हा ऊन उतरायचं होतं. दोघं भाऊ बाहेर बसलेले, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एकमेकांशेजारी. आत आत्या कुशीवर झोपलेली, देवादादाला सापडली तशीच. अंगावर गाठोड्यातलं दुसरं लुगडं. पहिलं धुऊन तारेवर वाळत घातलेलं. केसांना तेल, नीट विंचरून घातलेली वेणी. ओठ ओले. चूल मात्र थंड, राखेला कुणी हात लावलेला नव्हता. मी तिला हळूच वळवलं. जी जखम आमच्यापैकी कुणी धड धुतली नव्हती, ती स्वच्छ, कोरडी. तिच्याखाली कापसाची मऊ गादी. खाटेखाली ओंजळभर सरकी पडलेली, बोटांनी काढलेली.

मी खाटेसमोर बसून ती सरकी ओंजळीत घेतली.

"कोनी केलं व आत्या?" देवादादानं माझ्यासमोर पुन्हा विचारलं.

"शालीनं," आत्या म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडी माझं नाव आलं होतं. "शालीनं न्हाऊ घातलं. शालीनं पेज पाजली. आत्ताच गेली ना पऱ्हाटीत. माय हो, लय गुनाची पोर."

मी तिच्या समोरच बसलेली होते!

"दादा, शपथेवर सांगते, मी आले नव्हते," मी म्हटलं. मी त्या दिवसांत यवतमाळला एका मेळाव्यात होते, लिंबातून रक्त काढून दाखवत होते. शेदोनशे लोकांसमोर.

सुधाकर खाली मान घालून म्हणाला, "थो आवाज वहिनीचा नव्हता, ताई. तवा ध्यान देल्लं नाही. आता आठवतो त... तुह्याच होता."

मी विज्ञानवाली ना, चौकशी करायची सोडली नाही. आजूबाजूच्या शेतांतल्या वेचणाऱ्या बाया, मुकुटबनच्या बाजाराला जाणारे, बकऱ्या चारणारे, सगळ्यांना विचारलं. लगतच्या शेतांतली वेचणी तर आधीच संपलेली. तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. एखादी भली बाई येऊन गेली असेल असं धरलं, तर तिनं हाकेला ओ का दिली? पुढे येऊन सांगितलं का नाही? आणि आत्यानं मला शिकवलेली ती सरकी काढायची रीत तिला कुठून ठाऊक?

गावानं मात्र स्वतःपुरता उलगडा केला. शालू लपून आली, चार दिवस सेवा केली, बोलली नाही, किती मोठं मन! विहारात बायांनी माझं कौतुक केलं. वहिनीनं तर माझे हात हातात घेतले आणि डोळ्यांत पाणी आणलं. मी सांगत राहिले, अहो मी नव्हते, नव्हते मी... तितक्या त्या म्हणायच्या, पाहा, मोठेपणाही घेत नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आत्याला मी त्याच आठवड्यात यवतमाळला घेऊन आले. लोकलाजेनं आणलं की मायेनं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. तिचं सगळं मी केलं. धुणं, पुसणं, भरवणं, जखम बांधणं. पहिले काही दिवस हात रुमालाकडे जायचा, मग सवय झाली. ती त्यानंतरही बरीच वर्षं जगली. पण मला तिनं कधी ओळखलं नाही. रोज विचारायची, "शाली कवा येते व बाई?" कधी हट्ट धरायची, "मले कोठ्यावर नेऊन द्या. तथी शाली हाये." जिथे आम्ही तिला टाकून दिलं होतं, तिथेच परत जायचं होतं तिला.

एकदा राहवलं नाही. जखम बांधून झाली होती, केस विंचरत होते. तिचा चेहरा हातांत धरला आणि म्हटलं, "आत्या, नीट पाहा ना माझ्याकडे. मीच शाली."

ती बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, ओळखलं!

"नाही व," ती म्हणाली. "तू तं थे नाकाले रुमाल लावनारी."

बापाचं नाव विसरलेली बाई, तिला तेवढं आठवत होतं. तिच्या आवाजात राग नव्हता. पुढे म्हणाली, "तूबी चांगली हायेस बाई. पन शाली आली का मले उठवजो."

कोठ्यावर कोण आलं होतं, मला अजून माहीत नाही. देवादादा म्हणतो सोडून दे, सुधाकर तो विषयच काढू देत नाही. आत्या गेली तेव्हा मी उशाशी होते. शेवटी शेवटी तिला बोलता येत नव्हतं, पण दारात जरा खुट्ट झालं की ती माझ्या खांद्यावरून तिकडे पाहायची. मी प्रत्येक वेळी वळून पाहिलं. दारात कुणी नसायचं.