पोतं उठवण्याची परीक्षा

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी आमच्या ह्यांना साक्षात्कार झाला, की आपला जन्म घरांचे नकाशे काढायला नाही, चित्रं हलवायला झाला आहे. अठरा वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून लोकांच्या स्वयंपाकघरांच्या भिंती आखल्या, एकही रेघ वाकडी गेली नाही, आणि त्याचाच म्हणे कंटाळा आला. दोन वर्षांची रजा टाकून ह्यांनी हाताने काढायच्या ॲनिमेशनच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. ऑफिसातले साहेब म्हणाले, "तुमचं स्टूल रिकामंच ठेवतो. याल परत." ते वाक्य ह्यांच्या फार जिव्हारी लागलं. जेवताना पाणी मागावं इतक्या सहज ते आम्हाला दिवसातून दोनदा ऐकवत.

मला वाटलं, आता घरात पऱ्या उडतील, हत्ती नाचतील. कसलं काय! पहिले दोन महिने नुसता चेंडू. खालून दिवा लावलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवायचा आणि टप्पा खाणारा चेंडू काढायचा, एका सेकंदाला बारा वेळा. ह्यांनी काय करावं? कंपास काढला. पट्टी लावून वरपासून खालपर्यंतच्या अंतराचे समान भाग पाडले आणि प्रत्येक खुणेवर एकेक गरगरीत चेंडू बसवला. शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, हयात याच कामात गेलेली. त्यांनी कागद फरफर उलटले आणि विचारलं, "हा चेंडू आहे की कारकून? ठरल्या वेळी वर जातो, ठरल्या वेळी खाली येतो." वर्गातली बावीस-तेवीस वर्षांची मुलं ह्यांना पहिल्या दिवसापासून 'काका' म्हणत. ती बाकं बडवून हसली. हा प्रकार ह्यांनीच घरी येऊन लालबुंद कानांनी सांगितला. मी इतकी हसले की गॅसवरचं दूध उतू गेलं.

मग आली परीक्षा. विषय, पिठाचं अर्धं भरलेलं पोतं. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. ते जमिनीवरून उठून उभं राहायला हवं आणि बघणाऱ्याला आतल्या पिठाचं वजन कळायला हवं. संधी तीन. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी, म्हणजे पुन्हा तेच स्टूल.

पहिल्या खेपेला पोतं पेटीचं झाकण उघडावं तसं उठलं. पट्टी, अर्थातच. मग मी पट्टी लपवली, तर या गृहस्थांनी नुसत्या डोळ्यांनी समान भाग पाडले! दुसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, "यात पीठ नाही, हवा आहे." दोन दिवस तोंडात घास गेला नाही. तिसऱ्या दिवशी हे खरंच पिठाचं पोतं घेऊन आले आणि हॉलमध्ये आपटत बसले. खालच्या मजल्यावरची बाई भांडायला वर आली. घरभर पीठ झालं. पोतं पडायचं झकास, पण उठेल तर शपथ.

"अहो, ते उठायचं नाही," मी म्हटलं. "त्याला तुमच्यासारखी दोन वर्षांची रजा मिळत नाही."

हे पोतं ओढत आतल्या खोलीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे सासरे खुर्चीतून उठत होते. बाथरूममध्ये पडल्यापासून त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले आहेत. ते "अरे, येतोस का?" म्हणत, हे जाऊन हात देत आणि बाबा उठत, असा रोजचा क्रम. त्या दिवशी हाक आली, हे गेले आणि मध्येच थबकले. हातात पेन्सिल. बाबांनी वाट पाहिली, मग स्वतःच पुढे सरकले. दोनदा झोका घेतला. अर्धे उठले, धपकन बसले, दम खाल्ला. तिसऱ्यांदा आधी पाठ वर आली, मान सगळ्यात शेवटी.

"बाबा," हे म्हणाले, "परत एकदा बसता का?"

पुढे आठ दिवस हेच. मोबाइलवर चित्रीकरण करायचं काम माझ्याकडे. बाबा बसायचे, उठायचे, हे तोंडाने आकडे मोजायचे.

"बाबा, जरा हळू."

"आणखी हळू कुठून आणू? हाच माझा वेग आहे."

एकदा मी मोबाइल खाली ठेवून त्यांना हात द्यायला गेले, तर हे ओरडले, "हात नको! हात दिला की वजन दिसत नाही." मी मोबाइल पुन्हा उचलला. बाबा म्हणाले, "राहू दे गं. पोराची परीक्षा आहे."

तिसऱ्या खेपेला बाईंनी कागद एकदा उलटले. मग पुन्हा, सावकाश. "या पोत्याचे गुडघे दुखतायत," त्या म्हणाल्या. वर्गात कुणी हसलं नाही. हे पास झाले. जिन्यातूनच त्यांनी साहेबांना फोन लावला, "स्टूल कुणालाही देऊन टाका."

घरी आल्या आल्या त्यांनी लॅपटॉप बाबांच्या पुढ्यात ठेवला. पोतं सरकलं, झोका घेतला, बसलं, दम खाल्ला, उठलं. बाबांनी पुन्हा लावायला सांगितलं.

"छान काढलंयस," ते म्हणाले. "अगदी मीच." मग जरा थांबून, "एवढं धडपडतंय बिचारं. तू कुठे होतास?"

"मी काढत होतो ना, बाबा."

"हं."

बाबांनी खुर्चीच्या हातांवर पंजे टेकवले आणि पुढे सरकले. लॅपटॉप बाजूला सारून हे धावले, हात पुढे केला. बाबांनी त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "तू मोज."

मलाही हात पुढे करवेना. आठही दिवस मोबाइल मीच धरला होता.