भुजंगाची चारशे बारा कार्डं

बन्सीधरच्या कॉम्प्युटर क्लासचं नाव निघालं की माझ्या तोंडाला अजून कडू पाणी सुटतं. पण सांगायचं आहे ते भुजंगाचं.

भुजंग पूर्णा जंक्शनवर सफाईवाला. यार्डात लागलेले डबे झाडायचे, धुवायचे, ही नोकरी. नामांतराच्या सत्याग्रहात आम्ही एकाच पोलीस गाडीतून जेलात गेलो, तेव्हापासूनची दोस्ती. मी घसा फाडून घोषणा देत होतो, हा गप्प बसून गाडीचा नंबर पाठ करत होता. असा माणूस.

सत्त्याऐंशीच्या वर्ल्डकपला बबलगमसोबत क्रिकेटवाल्यांची कार्डं यायला लागली. प्रवाशांची पोरं गम खायची, कार्ड सीटखाली टाकायची. भुजंग ते उचलायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा आणि मागं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायचा: तारीख, गाडी, डब्याचा नंबर. डबा झाडला की रजिस्टरात नोंद करायची, ती सवय हाताला बसलेली. सहा वर्षांत चारशे बारा कार्डं झाली.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याची पोरगी पंचफुला बारावी झाली. कॉम्प्युटरच शिकायचा म्हणून हटून बसली. परभणीत आम्हाला ठाऊक असलेला क्लास एकच, बन्सीधरचा. फी सहाशे. हा गडी कार्डांचा धंदाही करायचा. दर शनिवारी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून भाव मागवून प्रोग्राममध्ये भरायचा. कार्डाचा नंबर टाका, कार्डाची हालत एक ते पाच आकड्यांत टाका. एक म्हणजे कोरं, पाच म्हणजे खराब. पडद्यावर आजची किंमत हजर. तेवढे पैसे फीत वळते करतो म्हणाला.

बापलेक कार्डं घेऊन गेले. चारशे बारा कार्डांचे शहाण्णव रुपये निघाले.

"मागं काय गिचमिड केलीय ही?" बन्सीधरनं विचारलं.

"सर, कोनत्या डब्यात घावलं त्याचा नंबर हाय."

भुजंगानं खरं ते सांगून टाकलं. वर हसलासुद्धा असेल.

"लिहिलेल्या मालाला भाव नसतो. मशीन सांगतंय, मी नाही."

चार दिवसांनी मी पूर्णेला गेलो, तर हा फलाटाच्या टोकाला बाकड्यावर बसून खोडरबरानं नंबर खोडायलाय. मांडीवर रबराचा भुगा.

"काय करायलास रे?"

"पुसायलोय. पुसलं की भाव येतो म्हने."

"सा वरसाचं लिहिलेलं? त्या हरामखोराच्या सांगण्यावरून?"

"पोरीची फी तू भरतू का?"

मला त्याचा राग आला, त्याहून जास्त त्या रबराचा.

दोनशेच्या वर कार्डं कोरी करून तो परत गेला. भाव तोच. मशीनला म्हणे आता पुसलेलं दिसत होतं.

तेव्हा माझं डोकं सटकलं. मी त्यातलंच एक पुसलेलं कार्ड उचललं आणि आपलं म्हणून दाखवायला माणिकराव मास्तरांकडे दिलं. मास्तर देशमुखाच्या घरातले, पण सरळ माणूस. आदल्या खेपेला बन्सीधरनं भुजंगाला ह्याच कार्डाचे तीन रुपये सांगितले होते. मास्तर गेले, पंचफुला फीची चौकशी करायला आल्यासारखी मागं उभी राहिली. मी दाराबाहेर.

"या गुरुजी! चहा सांगतो," बन्सीधर म्हणाला. मग कार्ड बघून बटणं दाबली, "पस्तीस रुपये. एकदम चांगला पीस आहे."

मी आत घुसलो. "तीनाचे पस्तीस कसे झाले रे?"

"प्रोग्राम आहे तो. मशीन जात बघत नाही."

"मशीन न्हाई बगत," पंचफुला म्हणाली. "आमच्या टायमाला तुमी पाच दाबलं. गुरुजींच्या टायमाला एक दाबलं. मी बटन बगितलंय."

मास्तरांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. बन्सीधरचा चेहरा क्षणभर पांढरा पडला, मग तो ओठ मुरडून म्हणाला, "गाडीच्या झाडलोटीतला माल. कुणाच्या हातचा आहे कळल्यावर कोण घेणार? मला विकायचं असतं ना पुढं."

म्हणजे तेच. एवढी पन्नास हजारांची मशीन आणली, एसी लावला, पायातले जोडे बाहेर काढायला लावले, आणि आत तेच जुनं नासकं भरलं. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मास्तरांनी कार्ड उचलून पंचफुलाच्या हातात दिलं आणि माझं मनगट धरून मला बाहेर नेलं.

संध्याकाळी भुजंगाच्या घरी पोरगी म्हणाली, "मला तिथं जायाचंच न्हाई."

"जायाचं," भुजंग म्हणाला. "फंडातून पैसे काढतो. रोख भरतो. कार्डं मातर त्याला एक बी न्हाई."

मी उसळलो. "त्याच्याच गल्ल्यात टाकणार? लाज कशी वाटत न्हाई तुला?"

"लय वाटती. दुसरी मशीन दाखव, तिथं घालतो."

दुसरी मशीन मला ठाऊक नव्हती. त्याचीच मला आजही सगळ्यात जास्त किळस येते. पंचफुलानं तीन महिने त्याच दारात चपला काढल्या आणि शिकली.

भुजंगानं त्या आठवड्यात बॉलपेन आणला. पुसलेली कार्डं मांडून बसला आणि आठवून आठवून पुन्हा लिहू लागला: काचीगुडा पॅसेंजर, डबा अमुक, तारीख अमुक. नंबर त्याला पाठच. तरी शेवटी एकोणीस कार्डांचं काही केल्या आठवेना.

"अंदाजानं टाक काहीतरी," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच बन्सीधर आहे. ती एकोणीस कार्डं अजून मागून कोरी आहेत.