मेलेला माल

आमच्या गल्लीत काष्ठौषधींचं दुकान चालवणारे मामा नाकावर माशी बसू देत नसत. नाक हेच त्यांचं भांडवल, आणि गर्वही त्याचाच. दुकानात भिंतभर बरण्या, पण एकीवरही चिठ्ठी नाही. "चिठ्ठी वाचून माल द्यायला मी काय पोस्टमन आहे?" असं विचारायचे. सुंठ असो, ज्येष्ठमध असो, मूठभर उचलायचं, नाकाशी न्यायचं, एक काडी दाताखाली धरायची आणि मगच पुडी बांधायची. नाकाला पटलं नाही तर आलेलं पोतं तसंच्या तसं परत. घाऊक व्यापारी त्यांच्यापुढे चळाचळा कापायचे.

मी समोरची शिवणवाली. माझं मशीन खिडकीला लागून आहे आणि खिडकीसमोर मामींचं स्वयंपाकघर. खाली त्यांचं दुकान, वर घर. गल्ली एवढी अरुंद की मामींनी दोरा मागितला तर मी हात लांब करून द्यायची. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, कुणाच्या सांगण्यावर विसंबून लिहीत नाही.

मामींना दमा होता. थंडी पडली की रात्र रात्र उशीला टेकून बसायच्या. एकुलती मुलगी परदेशात, ती फोनवरून रडण्यापलीकडे काय करणार? मामांना जगात भीती एकाच गोष्टीची होती, मामींच्या छातीची. रोज सकाळी त्यांच्यासाठी स्वतः काढा उकळायचे. पेल्यात ओतला की पहिला घोट आपण घ्यायचा, मान हलवायची आणि तोच पेला मामींच्या हातात द्यायचा. लग्न झाल्यापासूनची रीत. मला तर हेवा वाटायचा. आमच्या ह्यांनी उभ्या आयुष्यात मला कधी पाण्याचा पेला विचारला नाही.

मग साथ आली आणि लोकांचं डोकंच फिरलं. ज्यांनी आयुष्यात सुंठ ओळखली नव्हती, ते मामांच्या दारात पहाटेपासून रांग लावू लागले. बँकेतले साहेब जस्ताच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या तोंडात टाकायचे आणि वर काढाही न्यायचे. कोपऱ्यावरच्या मास्तरांनी वाफ घेता घेता तोंड भाजून घेतलं. कुणी कापराची पुरचुंडी गळ्यात बांधून हिंडत होतं. हसावं की रडावं कळत नव्हतं, पण हसत कुणीच नव्हतं. घराघरात माणसं जात होती आणि डॉक्टरही म्हणत होते की आमच्याकडे याच्यावर औषध नाही. माणूस काहीतरी धरणारच हातात.

सुरुवातीला मामा प्रत्येकाला बजावायचे. "हे खोकल्याला आहे. साथीला आहे असं मी म्हणत नाही." लोक माना डोलवायचे आणि दोन पुड्या जास्त मागायचे. कुणी बरं झालं की येऊन हात जोडायचं. साहेबांनी तर भर रांगेत सांगितलं, "मामा, तुमच्यामुळे आम्ही जिवंत आहोत." एवढं कानावर पडल्यावर कुणाची मती ठिकाणावर राहील? हळूहळू मामांचं ते बजावणं बंद झालं. मला त्यांचा पहिला राग आला तो तेव्हा.

मामींना मात्र त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. घरात कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. भाजी दोनदा धुवायचे, दाराची कडी पुसायचे, दुकानातून वर गेले की आंघोळ केल्याशिवाय मामींजवळ जायचे नाहीत. मास्क मी शिवून दिलेला, तो दिवसभर तोंडावर असायचा. फक्त पुडी बांधताना खाली यायचा. नाक लावल्याशिवाय माल कसा देणार? आणि लोकांनाही तेच हवं असायचं. "मामा, वास घेऊन द्या हं," असं रांगेतून बायका ओरडायच्या.

एके दिवशी सकाळी खाली मोठा आरडाओरडा ऐकू आला. मी खिडकीतून डोकावले. मामा फोनवर व्यापाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. "मेलेला माल पाठवलास! सुंठेला वास नाही, दालचिनीला वास नाही. लाकडाचा भुसा विकतोस का मला?" पलीकडून तो बिचारा गयावया करत असणार. मामांनी पोतं उचललं आणि गटाराच्या कडेला ओतलं. दालचिनीचा वास माझ्या खिडकीपर्यंत आला. मला वाटलं, मामा उगाच भडकलेत, रांगेमुळे वैतागले असतील. नाकाच्या बाबतीत मामांवर शंका घ्यायची कुणाची छाती होती? त्यांची स्वतःची तर नव्हतीच. त्या माणसाला सगळ्या बाजारातला माल मेला हे पटलं, पण आपलं नाक मेलं हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही.

मग मामांनी स्वतःच तोड काढली. माल कमजोर आहे ना, मग प्रमाण वाढवा. पुड्या दुप्पट झाल्या. काडेचिराईत, म्हणजे मुळातच कडू जहर, ते मुठीने पडू लागलं. मास्तर पोट धरून आले, म्हणाले, "आतून नुसती आग होतेय." मामांनी त्यांनाच झापलं, "आग होते म्हणजे लागू पडतंय."

वरही तोच प्रकार. सकाळी मामा पेल्यातला घोट घ्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि काढा परत पातेल्यात. आणखी काड्या, आणखी उकळी, पुन्हा घोट. असं तीन-तीनदा. मग पेला मामींकडे.

"अहो, घशाखाली उतरत नाही हे," मामी म्हणाल्या. "जीभ भाजल्यासारखी झालीय."

"कसलं? पाणी आहे नुसतं. घे मुकाट्याने."

मामींनी पेला खाली ठेवला. मग उठून शेल्फवरची कापराची डबी आणली, झाकण काढलं. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या. मामा खुळ्यासारखे हसले, पण त्यांनी डोळे मिटले. मामींच्या शब्दाबाहेर ते कधी नव्हते. मामींनी डबी त्यांच्या नाकाशी धरली.

"सांगा बघू काय आहे?"

"काय आहे म्हणजे? काय आणलंयस? काहीच तर नाही."

इकडे माझ्या नाकात कापराची झणझण बसली होती. मामींनी डबीचं झाकण लावलं.

"माल चांगला आहे हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला झालंय ते."

मामांनी डोळे उघडले. डबीकडे पाहिलं, मग खाली ठेवलेल्या पेल्याकडे. मी आजवर पुष्कळ माणसं रडताना पाहिली आहेत, पण त्या दिवशी मामांचा चेहरा जसा झाला तसा कुणाचा पाहिलेला नाही. दारं-कड्या पुसून जे बाहेर ठेवलं, ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने त्या पेल्यात घातलं होतं, तेही एकदा नाही. तो माणूस तिथेच फरशीवर बसला.

त्या दिवसापासून दुकान बंद. मामा खाली पोत्यांवर झोपायला गेले. त्यांना ना ताप, ना खोकला. मामींना मात्र त्याच आठवड्यात ताप भरला.

आता तरी त्यांनी दवाखाना गाठावा की नाही? पण मामा जिन्यात स्टोव्ह मांडून काढे उकळत बसले. पेला वरच्या पायरीवर ठेवायचे आणि खाली येऊन कानोसा घ्यायचे. मामी मुकाट्याने पीत होत्या. मी खिडकीतून ओरडले, "मामा, तुम्हाला चव नाही, वास नाही, आणि काढे कसले उकळताय? घेऊन जा त्यांना!"

"आज जरा चिराईत वाढवलंय," मामा म्हणाले. "उद्या उतार पडेल."

"नाही पडला तर?"

त्यांनी मान वर केली. "दुसरं मला काय येतं गं?"

शिव्या द्याव्यात तर जीभ रेटेना. मी मामींनाच विचारलं, दवाखान्यात जायचं का. त्यांनी दम्याचा पंप तोंडातून काढला आणि खुणेनेच नको म्हटलं. नंतर धाप आवरून म्हणाल्या, "मी गेले तर ते एकटे वेडे होतील. उकळू दे त्यांना." त्या नवऱ्याचं मन राखायला ते कडू जहर पीत होत्या. मला दोघांचाही इतका संताप आला की मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी मामींचे ओठ निळे पडलेले दिसले, तेव्हा मी कुणाला न विचारता ॲम्ब्युलन्स बोलावली. मामांबरोबर मीही गेले. दवाखान्यात जागा मिळाली, ऑक्सिजनही लागला. डॉक्टरीणबाईंनी काय काय दिलंत म्हणून विचारलं. मामांनी एकेक मुळी सांगितली, काही लपवलं नाही. ती पोरगी उभ्या उभ्या पेंगत होती. एवढंच म्हणाली, "आजोबा, आधी आणायचं होतं." मामी पुन्हा घरी आल्या नाहीत. त्यांना शेवटचं बघायलाही आम्हाला दिलं नाही.

गल्लीने काय करावं? "न्यायला उशीर झाला," असं लोक दोन दिवस बोलले आणि तिसऱ्या दिवशी म्हणू लागले, "मामा बघा, या वयात साधा ताप नाही. काढाच तो." दुकान उघडायची वाट बघत होते सगळे.

मामांनी ते उघडलं ते बरण्या रिकाम्या करायला. शटर अर्धं वर करून आत खाली बसले होते आणि एकेक बरणी पोत्यात ओतत होते. मी खाली उतरून त्यांच्या पायरीशी उभी होते. तेवढ्यात एक बाई आली. आमच्या गल्लीतली नव्हती, लांबून चालत आली असावी. हातात कापडी पिशवी. वाकून आत बघत म्हणाली, "मामा तुम्हीच ना? आमच्या ह्यांना ताप आहे, धाप लागलीय. तुम्ही घेतलात तोच काढा द्या."

"दवाखान्यात न्या त्यांना," मामा मान वर न करता म्हणाले. "आजच न्या."

"तिथे गेलेलं माणूस परत येत नाही म्हणतात. तुम्ही तर घरच्या घरी बरे झालात."

"आमच्या हिनेही तोच घेतला होता. ती गेली."

मला वाटलं, आता उमजलं हिला. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि अगदी मायेने, समजूत घालावी तशी म्हणाली, "तुम्ही दिवसभर दुकानात, घेत असाल सारखा. त्यांच्या वाट्याला कमी आला असेल हो."

मामांनी हातातली बरणी खाली ठेवली.

"नाही बाई," ते म्हणाले. "तिलाच जास्त दिला मी."

बाईला ते पटलं नाही. रिकामी पिशवी घडी करत ती सरळ कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाकडे गेली. तिथे आता तयार पुड्या मिळत होत्या.